चाकणची आसूढाळ घोडी

चाकणला घोडी बघायला जाऊन आले असं सांगितलं की पाचगणीत लोक हसतात. चाकण म्हणजे कंपन्या, कंटेनर आणि ओव्हरटाइम, तिथं कसली आलीय घोडी? अहो, आहेत. आमच्या टेबललँडवर पर्यटकांची पोरं वाहणाऱ्या मरतुकड्या तट्टांपेक्षा जास्तच असतील. एकेका बंगल्याच्या फाटकाआड दोन दोन बांधलेल्या आहेत. मात्र त्यांच्याबद्दल तिथल्या मालकांना जेवढं कळतं तेवढं मला विमानातलं कळतं. विमान वर जातं आणि खाली येतं, एवढं.

मी एका निवासी शाळेत तीस वर्षं मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं. रायडिंगच्या बाई. आता निवृत्त आहे, पण घोडा विकत घ्यायचा असला की साताऱ्यापासून वाईपर्यंतची माणसं अजून मला न्यायला येतात. माझं तोंड फटकळ आहे हे त्यांना ठाऊक असतं. घोडा मात्र मला कळतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही.

फोन आला वैशालीचा. आमच्या शाळेच्या पागेत किसन म्हणून मोतद्दार होता, घोड्यांचं खाणंपिणं, खरारा सगळं तोच बघायचा. त्याची ही मुलगी. पागेतच वाढली. लग्न होऊन चाकणच्या पलीकडच्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचंय.

"बाई, तुमी दोन दिवस येऊन जाता का? दत्ताशेठनी नवी घोडी आणलीय. ह्यांना तिच्यावर बसायला सांगत्यात."

दत्ताशेठ तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, आणि नवऱ्याचं नाव सोमनाथ. बसायला म्हणजे मिरवायला नव्हे. त्या भागातली बैलगाड्याची शर्यत ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाचा एक लांब रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात. खालून चार बैल गाड्याला जुंपून सोडायचे, आणि वर पोचायला किती सेकंद लागले ते मोजायचं. बैलांच्या पुढं एक घोडी पळते, तिच्यावर स्वार. तिच्या मागं बैल ऊर फुटेस्तोवर धावतात. घोडी चांगली असली तर बारी, म्हणजे ती धाव, जिंकते. घोडी अडखळली तर स्वार खाली, आणि मागून चार बैल.

"यात्रेला पंधरा दिवस हायत," वैशाली म्हणाली. "हे पाच वर्सं जुन्या घोडीवर बसत होते, मी कधी बोलले न्हाई. ही नवी मला उमगत न्हाई, बाई. तुमी हात लावून सांगा. तुमी व्हय म्हणाला तर व्हय. न्हाई म्हणाला तर मी दारात आडवी पडंन, पण ह्यांना जाऊ देनार न्हाई."

दोन कपडे पिशवीत टाकले आणि निघाले.

माण

वाकडच्या पुलाखाली दत्ताशेठ स्वतः गाडी घेऊन आले होते. गाडी एवढी उंच की चढायला मला रिकीब लागली असती. माणूस पन्नाशीचा, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात बोटाएवढी साखळी. स्वभावानं मात्र अघळपघळ. "मॅडम, थेट गावाला नको. आधी माणला जाऊ. आपल्या मित्राचा रायडिंग क्लब हाय. घोड्यातलं सगळं नॉलेज आपल्याला तिथंच मिळालं."

ते नॉलेज बघायची मलाही उत्सुकता होती.

माणमध्ये काचेच्या दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात लोखंडी कुंपण घालून क्लब उभा केला आहे. संगणकावर बसून पाठ आखडलेली तरुण मंडळी तिथं येतात आणि घोड्याची पाठ मोडून जातात. डोक्यावर नवं कोरं शिरस्त्राण, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात फोन. एक मुलगी घोड्यावर बसली, तिच्या मैत्रिणीनं अकरा फोटो काढले, मुलगी उतरली. झालं रायडिंग! आमच्या शाळेत पहिला महिनाभर मुलांना नुसती लीद काढायला लावायचे मी. इथं लीद काढणारी माणसं वेगळी होती, बिहारकडची, आणि अख्ख्या क्लबात घोड्याला हात कुठं लावायचा हे फक्त त्यांनाच समजत होतं.

क्लबच्या मालकानं त्याचा सर्वात मोठा घोडा आणून उभा केला. काळाभोर, तेल लावल्यासारखा. पाठ बघितली तर झोळी. खोगीर पुढं सरकून थेट खांद्यावर आलेलं, म्हणजे प्रत्येक पावलाला खांद्याच्या हाडावर दणका.

"मॅडम, इम्पोर्टेड ब्लडलाइन आहे."

"रक्त तिकडचं असेल. पाठ इथंच मोडलीय."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मी हात लावून दाखवलं, की खोगिराखाली हाताचा पंजा जायला हवा, इथं करंगळी जात नाही. आणि हा घोडा कान मागं टाकतोय तो चिडका आहे म्हणून नाही, दुखतंय म्हणून. मालक मान डोलवत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघत होता. दत्ताशेठ माझ्या कानाशी लागले, "मॅडम, तुमी लय कडक हाय राव."

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं, घोडी घेताना तुम्ही काय काय बघितलं?

"व्हिडिओ बघितला. मंग दुसरा व्हिडिओ बघितला."

हा माणूस जमिनीचा धंदा करतो. अर्धा गुंठा घ्यायचा तरी सात पिढ्यांचे उतारे काढतो, हद्दीचे दगड स्वतः पायानं उकरून बघतो, भाऊबंदांत कुणाची सही राहिलीय का ते शोधायला मुंबईपर्यंत माणूस धाडतो. आणि घोडी घेतली फोनवर बघून! मी म्हटलं, "शेठ, घोडीचा सातबारा तिच्या पायांवर लिहिलेला असतो. तो वाचलात का?" त्यांना हे फार आवडलं. पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ते माझं वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवत होते.

मासवडी

तळेगाव चौकातल्या ट्रकांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी सुखात राहावं.

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दत्ताशेठचा तीन मजली बंगला, समोर भाड्यानं दिलेली दोन गोडाऊनं. स्वयंपाकघरातून तिळाचा आणि खोबऱ्याचा असा खमंग वास आला की प्रवासाचा शीण तिथल्या तिथं गेला. शेठच्या आई, सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, ऐंशीला टेकलेल्या, बारीक, नऊवारीतल्या. त्यांनी मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण, वर लालभडक रस्सा, शेजारी बाजरीची भाकरी. पाचगणीत मासवडी मागितली तर लोक मासे आणून देतील. आमच्याकडं पाहुण्याला एकदा वाढतात आणि दुसऱ्यांदा विचारतात. इथं विचारत नाहीत. काकू ताटापाशी उभ्या, आणि मी भाकरीवर हात आडवा धरला तर हात बाजूला करून वाढलं.

"तुमी घोड्याच्या डॉक्टर का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग नालबंद?"

"नाही हो. मी घोडा पारखते. अंगलट बघते, पाय बघते. कोणत्या कामाला कोणता घोडा चालेल ते सांगते."

काकूंनी थोडा विचार केला. "आमी जनावर दावणीला महिनाभर बांधून मंग सांगतो," म्हणाल्या आणि आणखी एक वडी वाढली. मला ते झोंबलं. महिनाभर बांधून कुणीही सांगेल, त्यात काय मोठंसं!

मग वैशाली आली, सोमनाथला घेऊन. सोमनाथ पस्तिशीचा, सडपातळ, एका कंपनीत प्रेसच्या मशीनवर. स्वाराला असावा तसा हलका आणि शांत. मला बघून संकोचला. "हिनं उगं तुमाला तरास दिला बाई. मी काय आजच बसतोय व्हय?" वैशाली नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिचा बाप असाच बघायचा, आजारी घोड्याला हात लावायच्या आधी.

दावणीपाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी बघायला गेलो.

पागेला काय नव्हतं! छताला पंखे, भिंतीला रंगीत दिवे, दारावर घोडीचं नाव. आणि नाव काय, तर 'बुलेट'. खाली गुळगुळीत फरशी. घोड्याच्या पायाखाली फरशी! ज्यानं ती बसवली त्याला तिच्यावर साबणाचं पाणी ओतून अनवाणी पळवायला हवं. मी म्हटलं, आधी हिला बाहेर मातीत आणा.

बाहेर दहा-बारा माणसं जमली होती. चाकण भागात घोडी बघायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला मत असतं आणि ते द्यायला तो कामावर दांडी मारतो. कुणी म्हणालं, पंचकल्याणी हाय, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, लय शुभ. कुणी म्हणालं, गळ्यावर देवमण हाय, मालकाला राजा करती. देवमण म्हणजे गळ्यावरचा केसांचा भोवरा. घोडीच्या अंगावर कुठं कुठं भोवरे आहेत हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं, आणि तिच्या मागच्या पायाला किती सांधे आहेत हे एकालाही नाही. वर हेच लोक बैल कसा बघतात! बैलाचा खूर उचलतात, खांदा दाबतात, शेण हातात घेऊन बघतात. घोडी आली की सगळी अक्कल गहाण.

तेवढ्यात काकू बोलल्या. त्या घोडीच्या उजव्या अंगाला, डोक्यापाशी उभ्या होत्या. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला.

"दत्ता, मी आल्या दिवशीच सांगितलं व्हतं. ही आसूढाळ हाय. उजव्या डोळ्याखाली. हिच्यावर सोमनाथला बसवू नको."

आसूढाळ म्हणजे डोळ्याखाली जिथून आसू ओघळतात तिथं भोवरा असलेलं घोडं. असं घोडं घरात आलं की घर रडतं म्हणतात. दत्ताशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आये, तू घरात जा बरं."

काकू गेल्या नाहीत. आणि मला तर आयतीच संधी मिळाली. तीस वर्षं मी या भोवऱ्यांशी भांडत आले होते. चांगलीचांगली जनावरं कपाळावरच्या चार केसांपायी खाटकाकडं गेलेली मी बघितली आहेत, आणि शुभलक्षणी म्हणून पुजलेल्या लंगड्या घोड्यांवरून माणसं आपटलेलीही.

"काकू," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "घोडं भोवऱ्यावर पळत नाही. पायांवर पळतं. तुमचा देवमण खोटा आणि तुमचं आसूढाळही खोटं. केस आहेत ते, पत्रिका नव्हे."

माणसं खो खो हसली. काकूंनी माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नव्हे. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

मी कामाला लागले. खरं सांगायचं तर मी त्या घोडीला नापास करायलाच आले होते. व्हिडिओ बघून घेतलेली, पंख्याखाली ठेवलेली घोडी चांगली कशी असेल? पण घोडी चांगली होती. चांगली काय, देखणी होती, आणि देखणी असून उपयोगाची. खांदा तिरका, म्हणजे पाऊल लांब पडणार आणि स्वाराला हिसका कमी बसणार. पाठ आखूड. मागचा पुठ्ठा असा भरलेला की चढावर ढकलायला दुसऱ्या कशाची गरज नाही. गुडघे रुंद, त्याखालची नळी आखूड आणि कोरडी, कुठं सूज नाही, हाताला गरम लागत नाही. दात बघितले. चारी टापा उचलून बघितल्या, गोल आणि टणक. उजव्या अंगाचे पाय बघताना काकू बाजूला सरकल्या आणि मी उठल्यावर पुन्हा डोक्यापाशी आल्या.

डावा डोळा नीट बघितला. समोर हात हलवला, घोडीनं पापणी मिटली. उजव्या डोळ्यापाशी काकू उभ्या होत्या. मी समोरूनच दोन्ही डोळ्यांवर एक नजर टाकली. भर उन्हात दोन्ही डोळे चकाकत होते. उजव्या डोळ्यापुढं जाऊन हात हलवला असता तर काकूंच्या म्हणण्याला मान दिल्यासारखं झालं असतं, आणि नुकतीच त्यांना मी सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

मग लांब दोरीवर गोल फिरवली. डावीकडं सुरेख. उजवीकडं मान आत ओढून, जरा तिरकी. सोमनाथ म्हणाला, "बाई, ह्या बाजूला वाकडी चालती का?"

"मान कडक आहे. सगळे डावीकडूनच हाताळतात, मग दुसरी बाजू तयार होत नाही."

इतक्यात शेठचा एक माणूस चहाचा ट्रे घेऊन उजव्या बाजूनं आला. घोडी अशी उडाली की सगळे कप मातीत. मी लगेच सांगितलं, "हिला आधी वरातीत नाचवलेली दिसते. नाचवणारे त्या बाजूनं मारतात." माझ्यापाशी प्रत्येक गोष्टीला कारण होतं. माणसं माना हलवत होती आणि मला बरं वाटत होतं.

वैशाली पुढं आली, हळूच म्हणाली, "बाई, डोळं बघितलंत ना? आमचे आण्णा आधी डोळं बघायचे."

"मला शिकवतेस? तुझ्या बापाला मी शिकवलंय."

हे साफ खोटं होतं. घोड्याला पट्टी बांधायला, पोटदुखी ओळखायला मला किसननंच शिकवलं, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. वैशालीला ते माहीत होतं. ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "तसं न्हाई बाई. मग बसू दे म्हणता?"

"बसू दे. अशी घोडी या घाटात आली नसेल."

वैशालीचा जीव भांड्यात पडला. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, हसली, आणि त्या दिवशी दुपारी, सोमनाथ सांगत होता, ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

घाट

तिसऱ्या दिवशी सोमनाथची पहिली शिफ्ट सुटली आणि सरावाची बारी ठरली. यात्रा नव्हती, नुसता सराव. तरी दोनशे माणसं, हलगी आणि एक कर्णा. कर्ण्यावरचा माणूस कशाचंही कौतुक करत होता. बैलांचं, दत्ताशेठचं, माझं सुद्धा. "सातारा जिल्ह्याच्या सुप्रसिद्ध घोडेतज्ज्ञ मॅडम!" घाटाच्या एका बाजूला कांद्याची वावरं आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची निळी शेड. मी वरच्या टोकाला खुर्चीवर बसले. शेजारी काकू जमिनीवर. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. वैशाली कुंपणापाशी उभी.

बैल मात्र बघण्यासारखे होते. एकेकाच्या कातडीखाली पाणी खेळावं तसं बळ खेळत होतं. मनात आलं, या लोकांनी घोडी घेताना बैलवाल्याला जरी नेलं असतं तरी चाललं असतं.

सुटले. सोमनाथ पुढं, फेटा बांधलेला, एक हात वर. बुलेट सुटली ती मी म्हटलं होतं तशीच. पाऊल लांब, पाठ स्थिर, चढ तिला जाणवतच नव्हता. मी उठून उभी राहिले. ओरडले सुद्धा, या वयात. अर्ध्या घाटापर्यंत सगळं माझ्या शब्दाप्रमाणे चाललं होतं.

मग पुढच्या जोडीतला उजवा बैल बाहेरून पुढं सरकला. घोडीच्या बरगडीपाशी आला, मानेपाशी आला. कुठल्याही घोड्यानं तो बघितला असता आणि जरा डावीकडं घेतलं असतं. हिनं घेतलं नाही. हिला तो दिसलाच नाही. शिंग खांद्याला लागलं तेव्हाच तिला कळलं की तिथं कोणी आहे, आणि ती आडवी उडाली. सोमनाथ उजवीकडं पडला. गाडा त्याच्यावरून गेला की बाजूनं, मला सांगता येत नाही. धुळीत काही दिसत नव्हतं. कर्णा मात्र आणखी तीन शब्द बोलून मग बंद झाला.

वैशाली कुंपण ओलांडून कधी गेली ते मला दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

जगला. गळ्याचं हाड, चार बरगड्या आणि उजवा पाय घोट्याच्या वर. चाकणच्या दवाखान्यात त्याला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर वैशालीशेजारी बसले. ती भिंतीकडं बघत बोलली.

"बाई, तुमी व्हय म्हणालात म्हणून मी झोपले होते."

शटर

चौथ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी पागेत गेले. घोडीच्या खांद्यावर शिंगाची जखम होती, हळद भरलेली. मी पंखे बंद केले, दिवे बंद केले आणि पागेचं लोखंडी शटर खाली ओढलं. अंधार झाला. हे मी दोन दिवस आधी करायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी शिकवायचे, डोळा अंधारात बघायचा, उन्हात सगळेच डोळे चकाकतात.

फोनचा उजेड डाव्या डोळ्यावर धरला. बाहुली मोठी होती, झर्रकन बारीक झाली. उजव्या डोळ्यावर धरला. बाहुली आधीच बारीक, कडा फाटलेल्या, मागं निळसर धुरकट. हलली नाही. मी डोळ्यापुढं हात नेला, बोटं जवळजवळ टेकवली. पापणी लवली नाही. पुन्हा पुन्हा सुजून डोळा असा आतून जातो. हा आजार मला चांगला माहीत आहे. त्यावर मी पोरांना धडे दिले आहेत.

डोळ्याखाली बोट फिरवलं. भोवरा नव्हताच. केस ओले होऊन, वाळून, पुन्हा ओले होऊन उलटे चिकटले होते. ओल माझ्या बोटाला लागली.

शटर वर गेलं. काकू होत्या. हातात पाण्याची वाटी आणि जुन्या लुगड्याचं फडकं. मला बघून थांबल्या नाहीत, घोडीच्या उजव्या बाजूला गेल्या आणि डोळा पुसायला लागल्या. आधी तोंडानं चुचकारलं, मग हात लावला. त्यामुळं घोडी उडाली नाही.

"रोज पुसता?"

"आल्यापास्नं. रोज वलं असतंय. रातभर गळतंय बिचारीचं."

"मग तसं का नाही सांगितलंत, काकू?"

त्या पुसत राहिल्या. "सांगितलं की. आसूढाळ हाय म्हणलं."

त्यांच्यापाशी जो शब्द होता तो त्यांनी वापरला. कशावरून म्हणता, एवढं जरी मी विचारलं असतं तरी पुरलं असतं. बारा माणसांत त्या डोळ्याला हात लावणारी एकटी बाई तिथं उभी होती, आणि मी तिला पत्रिकेचा टोमणा मारून सगळ्यांना हसवलं.

दत्ताशेठ आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. उपचार होईल, दुखणं कमी होईल, नजर येणार नाही. घाटात कधी नाही, वरातीत नाही, कुणाला बसवायचंच नाही. ते खांबाला टेकून उभे राहिले. "पन देवमण तर व्हता मॅडम," म्हणाले. मग, "दिघीला एक जण मागत होता. त्याला देऊन टाकतो."

"त्याला मी फोन करून डोळ्याचं सांगीन. नंबर कुठूनही मिळवीन."

"कुटं जायची न्हाई ती," काकू म्हणाल्या. फडकं पिळून खांबाला वाळत घातलं. "हितंच ऱ्हाईल. आणि दत्ता, ती फरशी काढ. बाई म्हणत व्हत्या ते बरोबर हाय."

त्यांनी हे मला बोचावं म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. जे पटलं ते घेतलं, एवढंच.

निघताना त्यांनी पिशवीत मासवड्या बांधून दिल्या. दवाखान्यात गेले, सोमनाथ औषधाच्या गुंगीत होता. वैशालीनं मला दारापर्यंत सोडलं, जपून जा म्हणाली. देहूच्या फाट्यावरून पुढं बस मिळाली. मासवड्या मी खाल्ल्या नाहीत. वाईला स्टँडवर एका बाईला दिल्या.

हे सगळं आता लिहिते आहे कारण परवा वैशालीचा फोन आला. दोन महिन्यांनी. सोमनाथ काठी घेऊन चालतो. कंपनीनं बसायचं काम दिलंय. घोड्यावर पुन्हा बसता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तोही विचारत नाही. घोडी बरी आहे, काकू तिला संध्याकाळी वावरात सोडतात. मी ऐकत होते. मग ती म्हणाली,

"बाई, एक विचारू? राग नका मानू. मी लय विचार केला. तुमी चारी पाय उचललेत, दात बघितलेत, डावा डोळा बघितलात. उजव्या डोळ्यापाशीच का न्हाई गेलात?"

तीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. ऊन होतं म्हणता आलं असतं. गर्दी होती म्हणता आलं असतं. माझ्यापाशी प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

"तिथं काकू उभ्या होत्या," मी म्हटलं.